सहाव्या कलमाचं पान

१

रविवारी सकाळी सात वाजता कुशिमोए मच्छीमार संघाच्या कचेरीत काजिवारा फुमिएनं कराराची प्रत उघडली, आणि चौथ्या पानावर तिचं बोट थांबलं.

सहावं कलम गेलं होतं.

म्हणजे सहा हा आकडा जागेवर होता. पण कालपर्यंत जे सातवं कलम होतं ते वर सरकून सहाव्याच्या जागी बसलं होतं: ‘६. सागरी मत्स्य विभाग आणि कुशिमोए मच्छीमार संघ कापणीच्या काळात एकेक प्रतिनिधी नेमतील.’ त्याच्यापुढचं आठवं सातवं झालं होतं. पान स्वच्छ, समास सरळ. उजव्या रकान्यात जपानी, डाव्या रकान्यात रशियन. कुठे खाडाखोड नाही.

फुमिएनं पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. ‘कुशिमोए मच्छीमार संघ आणि सागरी मत्स्य विभाग यांच्यात हानेजिमा बेटाभोवतालच्या कोंबूच्या कापणीसंबंधी...’ पाचव्या कलमापर्यंत सगळं ठीक. मग पुन्हा तोच खड्डा.

फुमिए बावन्न वर्षांची होती. टोकियोत तिचं काम एकच: करार वाचणं. सरकारनं परदेशाशी केलेला कागद सहीला जाण्याआधी शेवटचा तिच्या डोळ्यांखालून जाई, आणि पंचवीस वर्षांत तिच्या हातून चुकीचा स्वल्पविरामसुद्धा निसटला नव्हता. हे ती स्वतःच सांगे, आणि सांगताना लाजत नसे.

हा कागद दिसायला छोटा होता. हानेजिमा कुशिमोएच्या भूशिरापासून सात किलोमीटरवर. युद्ध संपलं तेव्हा रशियन सैनिक तिथे उतरले, दोन-तीन वर्षांत तिथल्या जपानी माणसांना होड्यांत घालून इकडे पाठवलं, आणि तेव्हापासून तेहतीस वर्षं बेट डोळ्यांसमोर आणि हाताबाहेर. बेटाभोवती कोंबूची, म्हणजे खाण्याच्या समुद्री शेवाळाची, रानं होती, पाण्याखाली डुलणारी लांबच लांब पानं. तिकडे होडी नेली की रशियन गस्तीवाले पकडून नेत. आता त्यांचा सागरी मत्स्य विभाग परवानगी द्यायला तयार होता. सरकारनं सही करायची तर आधी समुद्र कोणाचा हा प्रश्न आला असता. म्हणून सही मच्छीमारांची आणि प्रत्येक शब्द टोकियोचा, अशी तोड निघाली होती.

आणि सगळा तोल सहाव्या कलमावर होता: ‘या करारातील कोणत्याही गोष्टीमुळे हानेजिमाविषयीच्या दोन्ही बाजूंच्या भूमिकांना बाध येणार नाही.’ ते असलं तर हा कोंबूचा करार. ते नसलं, तर बेट तुमचं, समुद्र तुमचा, आम्ही परवानगी मागून येतो, असं जपानी माणसांनी स्वतःच्या हातानं लिहून दिल्यासारखं होतं.

सही दुपारी बारा वाजता होती.

२

संघाचे अध्यक्ष तोकोरो कान्जी खेकड्याच्या कढणाचा वाडगा हातात धरूनच आले. साठीचे, रुंद खांद्यांचे. फुमिए आली त्या दिवशी ते तोंडावर म्हणाले होते, ‘टोकियोहून साहेब येणार म्हणाले होते, आल्या बाई.’ फुमिएनं उत्तर दिलं होतं, ‘साहेब वाचायला घेतात तेव्हा झोपतात, म्हणून मला पाठवतात.’ तेव्हापासून दोघांचं बरं जमलं होतं.

तिनं ते पान उघडून प्रत पुढे केली. तोकोरोंनी वाचलं. वाडगा खाली ठेवला. चेहरा असा उतरला की त्या धक्क्यात खोट नव्हती, एवढं फुमिएला दिसलं.

‘हे... हे आपल्या प्रतीत कसं?’

‘तेच विचारतेय. काल काय काय झालं ते सांगा.’

‘ओरिएनं दुपारी दोन्ही प्रती टंकून संपवल्या. पाच वाजता बांधल्या. गोंद वाळायला तासभर याच टेबलावर होत्या. मग निळ्या फितीची आपली प्रत कपाटात ठेवली. लाल फितीची त्यांची प्रत मी रुमालात बांधून वर कागदाची पट्टी चिकटवली, शिक्का मारला. ती टेबलावरच उघडायची, असं ठरलंय.’

‘त्या तासात खोलीत कोण होतं?’

‘येणं-जाणं होतंच. ते रशियनांचे झारुबिन चहाला आले होते. मी फोन घ्यायला गेलो तेव्हा एकटेच होते. आणि आमचा शिबुतानी येऊन आरडाओरडा करून गेला.’ तोकोरोंनी हात पुसले. ‘काजिवारासान, मी तुम्हाला स्पष्ट सांगतो. हा म्हातारा पहिल्या दिवसापासून करार मोडायला बसलाय. नाहीतर रशियन. दुसरं कोण?’

‘दोन्ही प्रती समोरासमोर ठेवून मोठ्यानं वाचायच्या होत्या. परवा तुम्हीच म्हणालात, नको म्हणून.’

‘झारुबिनांची बोट भरतीला निघायची असते. तासभर वाचत बसलो तर ओहोटी लागेल. त्रेचाळीस होड्या वाट बघताहेत, बाई. मागच्या पाच वर्षांत एकोणीस माणसं तिकडच्या तुरुंगात राहून आली. मला आज सही हवी. नवीन पान टंकून घ्या, आपल्या प्रतीत घाला, आणि पुढे चला.’

‘चोर न शोधता?’

‘चोर पळून कुठे जातोय? समोर समुद्र आहे.’

बोलणं व्यवहाराचं होतं. पण फुमिए जिना उतरली ती एकच शब्द चघळत. पान बघून माणूस म्हणतो, ‘हे कसं झालं?’ तोकोरो म्हणाले होते, ‘हे आपल्या प्रतीत कसं?’

३

शिबुतानी तोमेकिची धक्क्यावर कोंबू ओढायच्या लांब आकड्याला दोरी गुंडाळत बसला होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, संघाचा उपाध्यक्ष, आणि हानेजिमाहून आलेल्या लोकांचा म्होरक्या.

‘मीच चोरलंय असं कान्जी म्हणाला असेल,’ तो वर न बघता म्हणाला.

‘तुम्ही किंवा रशियन, असं म्हणाले.’

‘चला, रशियनांबरोबर तरी बसवलं. टोकियोवाले तर आम्हाला कशातच बसवत नाहीत.’ त्यानं दोरीची गाठ आवळली. ‘काल मी ओरडलो ते सगळ्या गावानं ऐकलं. माझ्या घराच्या अंगणात जायला दुसऱ्याची चिठ्ठी घेऊन जायचं? मी नाही जाणार. पण एक सांगा, काजिवारासान. मला करार मोडायचा असता तर त्या कलमाला हात लावला असता का? त्यात तेवढंच एक वाक्य आमच्या बाजूचं आहे. मी उरलेली पानं फाडली असती.’

‘आणि करार तुमचा घात करतोय, असं दाखवून द्यायला?’

‘त्यासाठी चोरून पान कशाला बदलू? वर्तमानपत्रवाला माझ्या पुतण्याच्या शेजारी राहतो.’ त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. ‘मी ओरडणारा माणूस आहे. लपवणारा नाही. गावात दोन्ही जातीची माणसं आहेत, नीट बघून घ्या.’

खानावळीत अर्काद्यी ल्वोविच झारुबिन भात आणि भाजलेली मासळी चवीनं खात होते. सागरी मत्स्य विभागाच्या वतीनं सही करणारे तेच. मोठं पोट, बारीक डोळे, आणि जपानी अगदी कामापुरतं. म्हणून फुमिए रशियनमध्येच बोलली.

‘करारावर आपण समाधानी आहात ना?’

‘गुरुवारी कबूल झालो. शुक्रवारी नाखूश झालो. काल, शनिवारी, खूश झालो.’ झारुबिन हसले. ‘तुमचे अध्यक्ष समजूतदार आहेत. टोकियोपेक्षा.’

‘काल कशानं खूश झालात?’

त्यांचा घास मध्येच थांबला. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला काही माहीत नाही हे त्या मुरलेल्या माणसाला कळायला वेळ लागला नाही.

‘हवामानानं,’ ते म्हणाले, आणि मासळीचे काटे काढण्यात गुंतले.

काल दिवसभर तर दाट धुकं होतं.

४

साडेआठ वाजले होते. ओरिए टंकयंत्रासमोर हात मांडीवर ठेवून बसली होती.

मिझुकोशी ओरिए त्रेचाळीस वर्षांची, हानेजिमावर जन्मलेली. आठ वर्षांची असताना रशियन आले. पुढची दोन वर्षं एकाच घरात अर्ध्यात तिचं कुटुंब आणि अर्ध्यात एका रशियन शिपायाचं. भाषा तिथेच तोंडात बसली. इकडे आल्यावर आईबाप एकापाठोपाठ गेले, आणि तोकोरोंनी तिला घरात घेतलं, शिकवलं, नोकरी दिली, लग्न लावून दिलं. जपानी आणि रशियन दोन्ही टंकणारी या किनाऱ्यावर ती एकटी.

फुमिएनं प्रत उघडून तिच्यासमोर ठेवली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

‘हे पान तुम्ही टंकलंत. शिबुतानीसानना रशियन येत नाही, झारुबिनना जपानी लिहिता येत नाही. दोन्ही रकाने असे ओळीला ओळ लावून बसवणारं दुसरं कोणी या गावात नाही.’

ओरिएनं नाकारलं नाही.

‘कोणी सांगितलं म्हणून?’

‘ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याच्याविषयी मी तोंड उघडणार नाही,’ ओरिए हळू पण ठाम म्हणाली. ‘मला विचारू नका. तुम्ही वाचणाऱ्या आहात. वाचा.’

‘वाचलं.’

‘काय नाही ते वाचलंत. काय आहे ते वाचा.’

 फुमिएला असं बोलणारं माणूस फार दिवसांनी भेटलं होतं. मग तिनं प्रत खिडकीपाशी नेली आणि एकेक शब्दावर बोट ठेवत पुन्हा वाचू लागली.

‘सागरी मत्स्य विभाग आणि कुशिमोए मच्छीमार संघ...’

बोट तिथेच राहिलं. मग तिच्या तोंडावर हसू आलं, थोडं स्वतःवरचंच.

‘ओरिएसान, सगळ्यांना वर बोलवा. झारुबिननासुद्धा. आणि ती लाल फितीची प्रतही आणा.’

५

तोकोरो, शिबुतानी आणि झारुबिन टेबलाभोवती बसले. मध्ये रुमालात बांधलेली ती प्रत, वर शिक्क्याची पट्टी. ओरिए दाराशी उभी राहिली. फुमिए एक वाक्य जपानीत आणि तेच लगेच रशियनमध्ये सांगत गेली.

‘दोन देशांमधल्या कागदाची एक जुनी रीत आहे. प्रत दोघांकडे एकेक. जी प्रत ज्याच्याकडे राहायची, तिच्यात त्याचं नाव आधी. म्हणजे कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. आपल्या निळ्या प्रतीत पहिल्या पानावर “कुशिमोए मच्छीमार संघ आणि सागरी मत्स्य विभाग” असं आहे. तिसऱ्यावरही तसंच, पाचव्यावरही तसंच. चौथ्यावर मात्र उलट. विभाग आधी, संघ नंतर.’

शिबुतानीनं प्रत हिसकावून घेतली. ‘अरेच्चा.’

‘म्हणजे हे पान आपल्या प्रतीसाठी टंकलेलंच नाही. ते रशियनांच्या प्रतीसाठी होतं. आपलं खरं चौथं पान कुठे आहे हेही मी न उघडता सांगते. या रुमालात. तिथे सहावं कलम जसंच्या तसं असेल, आणि संघाचं नाव आधी असेल.’

‘शिक्का फोडायचा नाही,’ तोकोरो म्हणाले.

‘फोडायचा,’ झारुबिन म्हणाले. ते आता अजिबात हसत नव्हते. ‘ती माझी प्रत आहे.’

फुमिएनं पट्टी फाडली, गाठ सोडली, लाल फितीची प्रत उलगडली. चौथं पान. ‘६. या करारातील कोणत्याही गोष्टीमुळे...’ आणि खाली सातव्यात: ‘कुशिमोए मच्छीमार संघ आणि सागरी मत्स्य विभाग.’

 धक्क्यावर कोणीतरी होडीच्या तळाला हातोडी मारत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

‘आता दुसरा प्रश्न,’ फुमिए म्हणाली. ‘एका प्रतीत कलम आहे, दुसऱ्या प्रतीत नाही, असा करार कोणाला हवा होता? शिबुतानीसानना नाही, त्यांना करारच नको. झारुबिनसाहेबांनाही नाही, त्यांना कलम नको असतं तर ते दोन्हीकडून जायला हवं होतं. आमच्या हातात ते राहिलं तर त्यांना उपयोग काय? असा कागद एकाच माणसाच्या कामाचा. ज्याला दोन्ही बाजूंची सही आजच हवी होती, आणि दोन्ही प्रती कधीच शेजारी ठेवल्या जाऊ नयेत अशी ज्याची इच्छा होती. ज्यानं मोठ्यानं वाचन नको म्हटलं. ज्यानं एकच प्रत बांधून तिच्यावर शिक्का मारला. आणि जो आज सकाळी पान बघून म्हणाला, “हे आपल्या प्रतीत कसं?”’

तोकोरोंनी दोन्ही तळहात टेबलावर ठेवले.

‘शुक्रवारी संध्याकाळी यांना वरून तार आली,’ ते झारुबिनकडे न बघता म्हणाले. ‘सहावं कलम चालणार नाही. टोकियोला सांगितलं असतं तर बोलणी मोडली असती. मग पुढच्या वर्षी बघू, त्याच्या पुढच्या वर्षी बघू. मी यांना म्हटलं, कलम काढून टाकतो. तुम्हाला म्हटलं, कलम आहे. यांना यांचा कागद, तुम्हाला तुमचा. दोघंही आपापल्या कपाटात ठेवणार. कोण काढून बघतंय? निदान होड्या कोंबूला गेल्या असत्या.’

‘आणि एखाद्या वर्षी दोन्ही कपाटं उघडली असती तर?’ फुमिए म्हणाली. ‘त्या दिवशी त्या पाण्यात असलेल्या प्रत्येक होडीकडे खोटा कागद असता.’

शिबुतानीनं दाराकडे मान वळवली. ‘आणि पानं उलटसुलट कोणी घातली? पोरी?’

ओरिए खाली बघत होती. ‘अध्यक्षांनी सांगितलं ते पान मी टंकलं,’ ती म्हणाली. ‘त्यांनी तपासलं, ठीक म्हणाले. बांधताना हे पान तिकडे लावायचं हाताला धैर्य झालं नाही, म्हणून आपल्या प्रतीत लावलं. तोंडानं सांगण्याचंही झालं नाही. काजिवारासान वाचतील एवढं माहीत होतं.’

तोकोरो तिच्याकडे वळले. मग म्हणाले, ‘मी तुला इतकं नीट शिकवायला नको होतं.’ त्यात राग होता की कौतुक, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

६

साडेनऊ. बारा वाजता भरती.

‘आता?’ झारुबिन उठले. ‘सहावं कलम असेल तर मी सही करू शकत नाही. “भूमिका” म्हटलं की वाद आहे असं मान्य होतं. आमच्या लेखी वाद नाही.’

‘बसा,’ फुमिए म्हणाली, जसं काही ही कचेरी तिचीच होती. ‘तुमच्या लेखी वाद नाही ना? उत्तम. मग ज्याच्याविषयी वाद नाही, ते या कागदात ठरवायचं कारणही नाही.’

‘नाही.’

‘ते यात ठरत नाही, एवढं लिहायला हरकत आहे?’

झारुबिन बसले. त्यांच्या बारीक डोळ्यांत पहिल्यांदाच मजा दिसली. पण शब्द जमेना. त्यांनी सुचवलेला शब्द फुमिएला चालेना, तिनं सुचवलेला त्यांना. पाऊण तास गेला. तेव्हा दाराशी उभी असलेली ओरिए रशियनमध्ये बोलली.

‘बेटावर आमच्या घरात चूल एकच होती. शिपायाची बायको सकाळी शिजवायची, माझी आई संध्याकाळी. एकदा आई तिला म्हणाली, घर कोणाचं ते आधी सांग. ती म्हणाली, “ते या चुलीवर ठरत नाही. इथे फक्त शिजतं.”’

झारुबिननी पेन उचललं. फुमिएनंही उचललं. वीस मिनिटांत सहावं कलम झालं: ‘हा करार कोंबूच्या कापणीपुरता आहे. दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाविषयी यात काहीही ठरत नाही.’ झारुबिननी फोनवरून आपल्या वरिष्ठांसाठी तार सांगितली आणि तासाभरात होकार आला. फुमिएनं टोकियोला फोन लावला, तिच्या वरिष्ठांनी दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, ‘तुमचं काय मत?’

‘आधीच्यापेक्षा बरं आहे,’ ती म्हणाली. ‘मी वाचलंय.’

तेवढं पुरलं.

ओरिएनं दोन्ही चौथी पानं नव्यानं टंकली. यावेळी दोन्ही प्रती समोरासमोर ठेवून मोठ्यानं वाचल्या गेल्या. एक फुमिएनं वाचली, एक ओरिएनं. बारा वाजून गेले, भरती उतरायला लागली, आणि झारुबिन स्वतःच म्हणाले की बोट रात्रीच्या भरतीला जाईल.

तोकोरोंनी खिशातून संघाचा शिक्का काढला. फुमिएनं मान हलवली.

‘तुमची सही चालणार नाही, तोकोरोसान. यांना एक सांगितलंत, आम्हाला दुसरं. उद्या कोणी विचारलं, या माणसाचा कोणता शब्द खरा, तर मी काय सांगू? झालं ते सगळं माझ्या अहवालात जाईल. त्रेचाळीस होड्यांचंही लिहीन. पण लिहीन.’

तोकोरोंनी शिक्का टेबलावर ठेवला. मग टेबलावरूनच तो उपाध्यक्षांकडे सरकवला.

शिबुतानीनं हात मागे घेतले. ‘मी? मी शपथ घेतलीय. माझ्या घरी जायला मी कोणाची चिठ्ठी—’

‘सहावं वाचा,’ फुमिए म्हणाली.

‘ऐकलं की.’

‘वाचा.’

म्हाताऱ्यानं चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचलं. एकदा, मग परत एकदा. बाहेर आता धुकं निवळलं होतं आणि खिडकीतून बेट दिसत होतं, आडवं, सपाट, एका कडेला दगडी टेकाड.

‘यात घर त्यांचं असं लिहिलेलं नाही,’ तो शेवटी म्हणाला.

‘नाही.’

‘आमचं असंही नाही.’

‘नाही. कोंबू कापायचा, एवढंच लिहिलंय.’

शिबुतानीनं शिक्का लाल शाईत दाबला, दोन्ही हातांनी उचलला आणि निळ्या प्रतीवर मारला, मग लालवर. झारुबिननी सही केली. तोकोरो कोणाला काही न सांगता खाली उतरले. खिडकीतून ते दिसले, पायऱ्यांवर बूट काढून रबरी बूट चढवताना. धक्क्यावरच्या माणसांना ते काहीतरी ओरडून सांगत होते. हातोड्या थांबल्या आणि माणसं होड्यांकडे पळाली.

वर प्रतींची अदलाबदल झाली, हात मिळवले गेले. शिबुतानीनं झारुबिनचा हात धरला तो सोडलाच नाही.

‘याला विचार,’ तो ओरिएला म्हणाला, ‘हा बेटावर गेलाय का कधी.’

ओरिएनं विचारलं. झारुबिननी मान डोलावली. दर उन्हाळ्यात जातो, म्हणाले.

‘टेकाडाखाली एक विहीर आहे. काठ गोल दगडांचा. माझ्या बापानं बांधलेली. तिला पाणी आहे का विचार.’

ओरिएनं विचारलं.  त्या म्हाताऱ्याचा हात आपल्या हातात धरून झारुबिन खिडकीबाहेर बघत राहिले. मग तुटक, चुकीच्या जपानीत त्यांनी स्वतःच उत्तर दिलं.

‘आहे. थंड. गोड. मी प्यालो.’